आरशामागची भिंत

आमच्या वस्तीतल्या सुतारकाकांना सगळे घट्टकाका म्हणतात. एका खिळ्याचं काम असलं तर ते चार ठोकणार, वर फेव्हिकॉल ओतणार आणि मग पुन्हा हलवून बघणार. त्यांनी लावलेल्या दारापुढे चोरांनी हात टेकले आणि शेवटी खिडकीतून आत शिरले, असं त्यांची सून सांगते. त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं असतं, "खिडकी मी लावली नव्हती."

वस्तीचं जुनं सभागृह पाडायचं ठरलं तेव्हा आतलं सामान काढायला त्यांनाच बोलावलं. बाकं निघाली, स्टेजच्या फळ्या निघाल्या. राहिला तो व्यायामाच्या खोलीतला भला मोठा आरसा. तो काकांनीच बसवला होता, म्हणजे आता बोलायलाच नको.

हा आरसा काकांना घरी हवा होता. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून काकू रोज सकाळी त्याच्यासमोर, कडेच्या दांडीला धरून चालत. डावा पाय जमिनीला टेकलाय की अधांतरी आहे, हे त्यांना पायातून कळत नाही. खाली बघितलं तर तोल जातो. आरशात बघून तेवढं जमतं. आता कुठे त्या दांडी सोडून चार पावलं टाकायला लागल्या होत्या.

पाडकामावरच्या इंजिनिअर बाई म्हणाल्या, "काका, दुपारी पाडायचं मशीन येईल. तोवर निघाला तर तुमचा. नंतर मला थांबवता येणार नाही."

काका कामाला लागले. आरशामागे प्लायवूड, त्याला भिंतीत ठोकलेल्या लाकडी खुंट्या, आणि मध्ये सिमेंट. पातळ पट्टी आत सरकवली की काच करकरायची आणि काका श्वास रोखून थांबायचे. प्लास्टरचा एक पोपडा सुटला, तर त्यांनी तो उचलून परत जागेवर दाबून बसवला.

काकू खुर्चीत बसून बघत होत्या. "अहो, हे काय चाललंय?"

"अगं, भिंत खराब होते ना."

"उद्या ही भिंत असणार आहे का?"

काका पोपडा दाबतच राहिले.

"मी विचारतेय, असणार आहे का?"

"नाही."

"मग तिला कशाला जपताय? आरसा भिंतीतून सुटत नसेल तर भिंतच काढा की मागून!"

काकांनी पट्टी खाली ठेवली. कुणाच्या भिंतीला भोक पडलं तर ते स्वतः लांबी-पुट्टी भरून यायचे. भिंत मुद्दाम फोडायची हे त्यांच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. इंजिनिअर बाईंनी माणसं बोलावून आरशाला पुढून टेकू दिले. पलीकडे सामानाची खोली होती. काका हातोडा घेऊन तिकडे गेले आणि पहिला घाव घातला.

अलीकडून काकू ओरडल्या, "दार वाजवताय का? या, उघडंच आहे!"

माणसं हसली. दुसरा घाव मात्र खरा बसला. मग वरून एकेक वीट उतरत गेली. खुंटीभोवतीचं सिमेंट ढिलं झालं की काका हाताने चाचपून बघत आणि पुढच्या खुंटीकडे वळत. अखेर आरसा टेकूंवर आला, पाठीला सिमेंटची ढेकळं तशीच चिकटलेली, पण काच अखंड.

चौघांनी तो उभा धरून बाहेर काढला. काचेचं तोंड मागे होतं. काकू काठी टेकत त्यामागून निघाल्या, आणि दारापाशीच त्यांना आरशात आपला पाय दिसला.

"अरे, जरा सावकाश," त्या म्हणाल्या.

माणसं सावकाश चालू लागली. काका काकूंच्या डाव्या बाजूला आले, पण त्यांनी हात धरला नाही. मागे मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. काकूंनी मान वळवली नाही. त्या आरशात बघत पाय टाकत होत्या.