कारवाईत नसलेले वकीलसाहेब

आमचे नांदेडचे वकीलसाहेब बसत फार कमी. चहा उभ्यानं, पक्षकाराशी बोलणं उभ्यानं, अर्जसुद्धा कपाटाच्या फळीवर कागद ठेवून उभ्यानंच लिहीत. कुणी खुर्ची पुढे सरकवली तर म्हणत, "बसला माणूस लवकर हाव म्हणून मान डोलावतो." हैदराबादच्या मजलिशीत मेंबर झाले तेव्हा ही खोडही त्यांच्याबरोबर गेली. मी मूळचा देगलूरचा, त्याच मजलिशीत कारकून. सभेची कारवाई, म्हणजे कामकाजाची नोंद, लिहिणं माझं काम.

मजलिस म्हणायची आपली. निजामसरकारनं कायदे करायला म्हणून भरवलेली, पण प्रश्न आधी लेखी द्यायचा आणि सभेच्या अध्यक्षांना, सदरसाहेबांना, रुचला तरच विचारायचा. बाकी वेळ हुजुरांच्या दीर्घायुष्याची दुआ आणि मेंबरांचे कमरेत वाकून सलाम. त्या सलामांची मला आजही किळस येते.

वकीलसाहेबांचा प्रश्न एकच होता. भोकरचे एक मास्तर खटल्याविना तुरुंगात पडले होते; त्यांचा गुन्हा काय? मजलिशीत विचारीन, असा शब्द त्यांनी मास्तरांच्या बायकोला दिला होता. 'अमनाला बाधक' असा शेरा घेऊन प्रश्न तीनदा परत आला. शेरा वाचून ते मला म्हणाले, "चोर का पकडला इचारलं तर अमन बिघडत न्हाई. मास्तर का पकडला म्हणलं की बिघडून राहिलं."

पुढच्या बैठकीत ते परवानगीविना उठले आणि त्यांनी प्रश्न विचारला. सदरांनी घंटा वाजवली. हे उभेच. पुन्हा घंटा. लातूरकडच्या एका जमीनदार मेंबरनं आदल्या दिवशी पाठिंब्याची शपथ घेतली होती. त्यानं पानाचा डबा उघडला आणि सावकाश चुना लावत बसला. शेवटी चपराशांनी वकीलसाहेबांना दंडाला धरून बाहेर काढलं.

सदरसाहेबांनी सांगितलं तेवढं मी कारवाईतून खोडलं. त्या जागी लिहिलं, 'कामकाज शांततेत पार पडलं.' नोकरी होती, लेकरं होती, हे खरं. पण मला कुणी धमकीसुद्धा दिली नव्हती, हेही खरं.

छापील कारवाई नांदेडला पोचली आणि वकील हैदराबादेत नुसत्या मेजवान्या झोडून आला, असं गाव बोलू लागलं. मास्तर तुरुंगातच तापानं गेले. वकीलसाहेबांनी कुणाला सफाई दिली नाही. एकदा स्टेशनवर भेटले तेव्हा माझ्या लेकरांची चौकशी केली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तुमचं नाव मी कुठं काढलं न्हाई."

निजामी गेली त्याच वर्षी वकीलसाहेबही वारले. मग मला हिंमत आली. मास्तरांची बायको नांदेडलाच भावाकडे राहत होती. तिच्याकडे जाऊन मी सगळं सांगितलं: ते बोलले होते, खोडलं ते मी.

ती ज्वारी निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"दोन वर्षं मी त्यांना पाहून तोंड फिरवून राहिले," ती म्हणाली. "आता तुम्ही खरं सांगायला आलात. माफी कुणाची मागू?"