दुसऱ्याच्या वावरातली जागल

यवतमाळहून पांढरकवड्याची सकाळची एसटी सुटली तेव्हा बाहेर धुकं होतं. डिसेंबर संपत आला होता. सीमेवर तणाव वाढल्याच्या बातम्या रोज येत होत्या आणि सुट्टीवर आलेल्या जवानांना परत बोलावलं जात होतं. झरी जामणी तालुक्यातला असा एक जवान दुसऱ्या दिवशी निघणार होता. त्याच्या घरी एक दिवस राहून लिहायचं, एवढंच काम होतं.

पांढरकवड्यापुढे मुकुटबनकडे जाणारी जीप मिळाली. दोन्ही बाजूंना कापसाची शेवटची वेचणी चालू होती. तुरी माणसाच्या डोक्यापर्यंत उंच, शेंगांनी वाकलेल्या. मध्येच सागाचं जंगल सुरू होई आणि वाघापासून सावध राहण्याची पाटी दिसे. अशाच एका पाटीजवळ जीपचा पट्टा तुटला. प्रवासी खाली उतरले, पण जीपपासून लांब कोणी गेलं नाही.

ड्रायव्हरने फोन केल्यावर रशीदभाई नावाचे मिस्त्री मोटारसायकलने आले. बॉनेटखाली डोकं घालूनच त्यांनी माझी चौकशी केली.

“कोनाकडं जाऊन राह्यले, भाऊ?”

“नामदेवरावांकडे. लष्करातले निवृत्त हवालदार.”

“अरे बाप रे! तो मानूस गाडी दुरुस्तीले आनते तर गाडीलेबी सावधान उभी करते. चाय पिऊन जा म्हनंन तर पिऊन घ्या. नाई म्हनलं का त्याले राग येते.”

दुपारी गावात पोचलो. मुकुटबनच्या पुढे, पैनगंगेच्या बाजूला, तीस-चाळीस घरांचं गाव. नामदेवराव ओसरीवर उभेच होते. त्यांच्या पत्नी शोभाबाई यांनी आधी पाणी दिलं आणि मग ताट वाढलं: सोलेभात (ओल्या तुरीच्या दाण्यांचा भात), वर कच्चं तेल, बाजूला मिरचीचा ठेचा. मुलगा प्रकाश माझ्या शेजारी जेवायला बसला. मी ज्याच्यासाठी आलो होतो तो जवान हाच; लष्करात नाईक आहे. त्याची पिशवी भिंतीशी भरून ठेवलेली होती.

जेवणानंतर चहा घेता घेताच घरातला वाद माझ्यासमोर आला. प्रकाशनेच तो मांडला. जागेचं नाव त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्याची तुकडी एका डोंगरधारेवर आहे. तिच्या मागे एक खिंड आहे. शिधा तिथूनच वर जातो आणि जखमी माणूस तिथूनच खाली येतो. लढाई पेटली तर ती खिंड आसपासच्या दोन गावांतल्या शस्त्रधारी गावरक्षकांनी धरायची, असं ठरलं होतं. त्यांना शिकवायला आणि त्यांच्यासोबत राहायला प्रकाशला नेमलं होतं.

“बाबा म्हनते, साहेबाले सांग अन् ड्यूटी बदलून घे,” प्रकाश म्हणाला.

“म्हनतोच,” नामदेवराव म्हणाले. “लोकल मानसाईच्या भरवशावर खिंड ठेवनं म्हंजे काय, मी पाह्यलं हाये.”

“भित्रे होते का ते लोक?” मी विचारलं.

“भित्रे? आमच्यापेक्षा नेम चांगला होता त्याईचा. डोंगरावर आमी धापा टाको, ते बिडी ओढत चढत. पन खाली त्याईच्या गावात गोळा पडला अन् सगळे घराकडं पळाले. खिंड उघडी पडली. माझा जोडीदार तिथून परत आलाच नाई.” त्यांनी कप खाली ठेवला. “त्याईले दोष नाई देत मी. पन माझा पोट्टा तिथं नको.”

“मी नाई म्हनलं तर दुसऱ्या कोनाचा पोट्टा तिथं जाईन, बाबा.”

शोभाबाई शेंगा सोलत राहिल्या.

ऊन कलल्यावर गावातले पुरुष बॅटरी आणि पत्र्याचे डबे घेऊन वावराकडे (शेताकडे) निघाले. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) तुरीत शिरतात, म्हणून या दिवसांत रोज जागल (पिकाची राखण) असते. मी वावरांपर्यंत सोबत गेलो. नामदेवराव स्वतःच्या तुरीजवळून सरळ पुढे गेले आणि शेजारच्या गणपतरावांच्या माळ्यावर (खांबांवरचं मचाण) चढले. मागून आलेले गणपतराव नामदेवरावांच्या माळ्यावर चढले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही.

परत येऊन मी शोभाबाईंना याबद्दल विचारलं. प्रकाश ओसरीवर बूट पुसत होता.

“आमच्याकडं आपल्या वावरात आपन नाई बसत,” त्या म्हणाल्या. “पयले जो तो आपल्याच माळ्यावर बसे. एका साली डुकरं गणपतभाऊच्या तुरीत शिरली. त्यानं डबा बडवला, बोंबलला. कोनी हाललं नाई. आपलं वावर सोडून कोन जाईन? त्याची तूर साफ झाली. मंग तीच डुकरं आमच्या वावरात आली. तवा पारावर बसून ठरलं, वावरं बदलाची.”

“त्याने काय फरक पडला, काकू?”

“आपल्या वावरात बसला का मानूस आपलंच पाहाते. दुसऱ्याच्या वावरात बसला का त्याले नीट पाहा लागते, भाऊ. त्याचं सोताचं वावर दुसऱ्याच्या हाती हाये नं!”

“पण काका आणि गणपतराव तर बोलत नाहीत.”

“धुऱ्याचं (बांधाचं) भांडन हाये. तीन सालाचं. म्हनूनच तर दोघंबी डोळा लावत नाईत. झोपला तर दुसरा गावभर सांगंन.”

प्रकाशच्या हातातला बूट तसाच राहिला. ही पद्धत तो भरती होऊन गेल्यानंतरची. त्याने आजवर तिचा असा विचार केला नव्हता.

सकाळी नामदेवराव परतले आणि चहाला बसले. प्रकाशने विचारलं, “बाबा, ते लोक खिंडीतून पळाले, तवा त्याईच्या गावात कोन होतं?”

“कोन राहीन? बाया, लेकरं, म्हातारे. धडधाकट मानसं तं सगळी खिंडीत बसवली होती आमी.”

“म्हंजे गाव उघडं टाकून खिंड झाकली तुमी.”

“वा रे वा! डुक्कर गोळ्या नाई झाडत, लेका.”

“नाई झाडत. पन माळ्यावरचा मानूस अन् खिंडीतला मानूस एकच हाये. दोन गावं हायेत. वरच्या गावचे थोडे खालच्या गावात ठेवले, खालचे वरच्या गावात, अन् बाकीचे मिळून खिंडीत, तर?”

“अन् दोन्ही गावाचं पटत नसंन तर?”

उत्तर द्यायच्या आत गणपतराव अंगणात आले. ते शोभाबाईंकडे वळून म्हणाले, “वहिनी, तुमच्या हवालदाराले सांगा, रोही आली होती. हाकलली. एक झाड नाई गेलं.”

नामदेवरावांनीही पत्नीकडेच पाहिलं. “त्याले सांग, त्याचीबी तूर जशीच्या तशी हाये. अन् माळ्याची एक बल्ली (लाकडी खांब) सडली हाये. बदल म्हना, नाई तं मी पडीन.”

“सांगा त्याले, मुद्दाम ठेवली,” गणपतराव म्हणाले आणि गेले.

प्रकाश हसून लोटपोट झाला. नामदेवराव हसले नाहीत. त्यांचा चहा कपातच निवला.

मुकुटबनच्या थांब्यावर आम्ही तिघे गेलो. शोभाबाईंनी निरोप घरीच दिला होता. वणीची गाडी दिसली तेव्हा नामदेवराव म्हणाले, “साहेबाले ड्यूटीचं काही बोलू नको.”

“बदली नाई मागू?”

“नको. पन एक कर. पयले त्याईच्या बायकापोराईची सोय लाव, मंग खिंडीत बसव. अन् तू त्याईच्या मागं नको बसू. मधात बैस.”

प्रकाशने वाकून नमस्कार केला. वडिलांनी त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि ते दोन पावलं मागे सरले. प्रकाशसोबत मीही त्याच गाडीने वणीपर्यंत गेलो. तिथून तो नागपूरकडे निघाला आणि मी यवतमाळची गाडी धरली.

वाटेत मी टिपणं वाचत होतो. नामदेवरावांची शंका अजून जागेवर होती. तोफेचा गोळा आणि रानडुक्कर यांत फरक आहे आणि तो कोणत्याही पारावर बसून मिटत नाही. एका गावाच्या तुरीवरून युद्धाचे नियम काढता येत नाहीत. मात्र स्थानिक माणूस जागा धरेल का, हा प्रश्न आजवर त्याच्या धैर्याविषयीच विचारला गेलेला मी ऐकला होता. त्याच्या घराच्या दारात त्या वेळी कोण उभं असेल, हे कोणी विचारलेलं मला आठवेना. एका माणसाने ते विचारलं होतं, आणि तो आता तिकडे निघाला होता.

संक्रांत झाल्यावर प्रकाशचा फोन आला. आवाज तुटत होता. बायामुलं मागे, डोंगराआड हलवली होती, एवढं त्याने सांगितलं. दोन्ही गावांनी राखणदारांच्या अदलाबदलीला आधी साफ नकार दिला होता. मग दोन माणसं तयार झाली, त्यांच्या मागे आणखी काही. गोळा अजून पडलेला नव्हता. पडल्यावर काय होईल, हे त्यालाही माहीत नव्हतं.

“तुम्ही स्वतः कुठे असता?” मी विचारलं.

“मधात. त्याईच्यातच जेवतो, तिथंच पडतो.”

“झोप लागते?”

पलीकडे कोणी तरी काही तरी बोललं, काही जण हसले. तिकडची भाषा मला समजली नाही.

“लागते, भाऊ,” प्रकाश म्हणाला. “चांगली लागते.”