सालीसकट मुळं

पीएचडीला किती वर्षं झाली हे घरात आता कुणी विचारत नाही, इतकी झाली. शेवटची मुदतवाढ दिवाळीपर्यंत होती. तोवर सर्पगंधेच्या मुळांतून एक अल्कलॉइड, म्हणजे त्यातलं औषधी द्रव्य, शुद्ध करून दाखवायचं, नाहीतर नोंदणी रद्द. खरं सांगायचं तर मला विषयाचा वीट आला होता.

मुळं गावाकडून, कन्नडहून यायची. आईनं माझ्यासाठी बांधाला सर्पगंधा लावली होती. एरवी अख्खी मुळं यायची, पण या उन्हाळ्यातल्या खेपेला तिनं ती वाळवून, कुटून, वस्त्रगाळ पूडच मसाल्याच्या डब्यात भरून एसटीनं पाठवली. कुटायचं वाचलं म्हणून मी खूश.

मग नेहमीची हमाली. पुडीचा अर्क काढला, काचेच्या उभ्या नळीत सिलिका भरली, वर अर्क सोडला. प्रत्येक घटक आपापल्या चालीनं खाली उतरतो, आपण नळीखालच्या ट्यूब बदलत बसायचं. प्रयोगशाळेतला एसी बंदच. नळी कोरडी पडली की केलेलं सगळं वाया, म्हणून जेवायलाही उठता येत नव्हतं. शेवटी प्रत्येक ट्यूबमधला थेंब टीएलसीच्या, म्हणजे घटक तपासायच्या, पट्टीवर लावून रसायन फवारलं. अल्कलॉइड असेल तिथं नारिंगी डाग उठतो. उठला, पण हळदीचं बोट पुसल्यासारखा. तेवढ्यानं भागणार नव्हतं.

मी आईला फोन करून विचारलं, मुळांचं काय काय केलंस?

"लई माती व्हती. आल्यासारखी खरवडून साल काढली सगळी. तुला विद्यापीठात घाण कशाला द्यायची?"

मला हवं होतं ते बहुतेक सगळं सालीतच असतं. माझं डोकं फिरलं. "यापुढं मुळांना हात लावू नकोस," मी म्हणाले. ती "बरं" म्हणाली.

पुढची मुळं पावसाळ्यात गोणीतून आली, मातीच्या ढेकळांसकट. "तुझ्या बापानं उपटली," आई फोनवर म्हणाली. "म्या लांबच बसले व्हते."

ती मी प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये धुतली. या वेळी डाग गडद नारिंगी उठले. माझे गाईड सर खुर्चीतून उठून बघायला आले. मी बाहेर पायरीवर बसून आईला सांगितलं, की जमलं, यंदा संपतंय.

ती म्हणाली, "म्हंजी इतकी वर्सं माझ्यापायीच अडलं व्हय?"

"नाही गं, सोललेली ती एकच खेप," मी म्हणाले. पण तिला ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही.