कुलूपवाल्यांची मासिक परीक्षा

कुलूपवाले बाहेर पडताना दाराचं कुलूप तीनदा ओढून बघत, जिना उतरत, आणि परत वर येऊन चौथ्यांदा ओढत. बायको घरात असली तरी. "अहो, मी आत आहे!" वहिनी ओरडत. "म्हणूनच," हे उत्तर.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर ते सदाशिव पेठेतल्या लोकांना वेबसाइटची नावं नोंदवून देत. तेव्हा आयटीचं वारं असं होतं की मसालेवाल्यालाही स्वतःचं डॉट कॉम हवं होतं. माझ्या जर्मन भाषांतराच्या ऑफिसच्या वेबसाइटचं नावही त्यांनीच, नोंदणी कंपनीकडच्या स्वतःच्या खात्यात, नोंदवलं होतं. नातवंडांनो, असं नाव एका नोंदणी कंपनीकडून दुसरीकडे हलवता येतं. मालकाच्या नकळत कुणी ते हलवू नये म्हणून त्याला कुलूप घालता येतं. ते काढलं आणि गुप्त कोड दिला, की नाव चाललं.

एकदा मला एक पत्र आलं. नावाची मुदत संपतेय, कुलूप काढा, कोड लिहून अर्ज पाठवा. इंग्रजी निर्दोष, समास सरळ. अशा पत्राला त्याच दिवशी उत्तर द्यायचं हे माझं वळण. मी काळ्या शाईने एकेक चौकोन भरला आणि कुलूपवाल्यांना फोन केला.

"कुलूप काढा आणि कोड सांगा."

"नाही."

"अहो, नाव माझं आहे!"

"म्हणूनच. पत्र घेऊन या."

पत्र वाचून ते म्हणाले, "बाई, व्याकरण तपासलंत, पाठवणारा कोण ते नाही तपासलंत." ती आमची नोंदणी कंपनी नव्हतीच. नाव गेलं असतं, तर त्या नावावर ईमेलने येणारी जर्मनीतल्या कारखान्यांची सगळी पत्रं भलत्याच्याच हाती पडली असती आणि माझं ऑफिस बसलं असतं. मी आभार मानले. "आभार नकोत, अभ्यास करा," म्हणाले, आणि कोड मला पाठ करायला दिला.

तेव्हापासून दर महिन्याला ते आवाज बदलून मला फोन करत आणि कोड मागत. कधी दिल्लीचे साहेब, कधी बँकेतली मुलगी. एकदा कॅलिफोर्नियाहून बोलत होते, पण मागे कुकरची शिट्टी झाली आणि वहिनींचा आवाज आला, "अहो, कोथिंबीर आणताय ना?" मी म्हटलं, "कॅलिफोर्नियाला कोथिंबीर मिळते का हो?" फोन आपटला.

एकदा मात्र मी नापास झाले. "मी कुलूपवाल्यांचा पुतण्या, काका तापाने फणफणलेत, कोड सांगता?" आणि मी अर्धा कोड सांगून बसले. दुसऱ्या दिवशी स्वारी दारात, ठणठणीत. "आजारी माणसाची दया आली? बाई, चोर नेहमी आजारीच असतात."

पुढे एका सकाळी वहिनींचा फोन आला. "हे दवाखान्यात आहेत हो. बाईंना बोलवा म्हणतायत, तो कोड की काय…"

"कोड मिळणार नाही," मी म्हटलं. "आणि त्यांना सांगा, बायकोला पुढे करणं शोभत नाही." फोन ठेवला आणि स्वतःवर खूश होऊन चहा घेतला.

दुपारी लक्षात आलं, मागे कुकर नव्हता. त्यांच्या घरी फोन लावला, कुणी उचलेना. शेजारणीकडून दवाखान्याचा पत्ता घेऊन मी रिक्षाने धावले.

ते उशीला टेकून बसले होते, नाकात नळी. मला बघून इतके हसले की नर्स रागावली. "हिने सगळं सांगितलं," ते पुटपुटले. "शंभरपैकी शंभर." त्यांना कोड नकोच होता. उलट, नाव ज्या खात्यात होतं त्या खात्याचा पासवर्ड मला द्यायचा होता, आपल्यामागे कुलूप उघडता यावं म्हणून. उशीखालून घडी घातलेला कागद काढला. मी हात पुढे केला. त्यांनी कागद मागे घेतला.

"आधी ओळखपत्र."

"अहो, वीस वर्षं ओळखता मला!"

"म्हणूनच."

मी पर्समधून वाहन परवाना काढला. त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला, आणि मग कागद दिला. त्या आठवड्यातच ते गेले.

ऑफिस मी कधीच बंद केलंय. नाव अजून माझ्याकडे आहे, कुलपासकट. आणि तुम्ही तिकडून फोन करून "आजी, मी बोलतोय," म्हणता, मी "मी म्हणजे कोण?" विचारते आणि तुम्ही चिडता, "अगं, आवाज ओळखत नाहीस का?"

ओळखते रे. म्हणूनच.