सिनेटवाल्या काकू

"अजून मोजणी संपलेली नाही," असं म्हणून काकू चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहायच्या. मागे बसलेल्या आम्हा लोकांना मग नकाशा दिसायचाच नाही. मधे काकूंची पाठ आणि तिच्या दोन्ही बाजूंना अमेरिकेचे किनारे, एवढंच.

तुमच्या पाहण्यातही असं एखादं माणूस असेल, ज्याला सगळ्या जगात एकाच गोष्टीचं वेड असतं. आमच्या न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या गल्लीत त्यांचं नावच 'सिनेटवाल्या काकू' पडलं होतं. राष्ट्राध्यक्ष कोण होतो याचं त्यांना फारसं सोयरसुतक नसे. "तो येतो नि जातो. कायदा अडतो सिनेटमध्ये," असं त्या सांगत. हॉस्पिटलच्या लॅबमधून त्या रिटायर झालेल्या. काका जाऊन बरीच वर्षं झालेली आणि एकुलता एक मुलगा दूर पश्चिम किनाऱ्याला, रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये. त्यांना सिटिझन होऊन इतका काळ लोटला होता, की आम्ही शेजारी राहायला आलो नसतो तर व्हिसा हा शब्दही त्या विसरल्या असत्या.

मी नागपूरचा, नोकरीच्या व्हिसावर आलेला. ग्रीन कार्डाची रांग अशी की माझ्या हयातीत नंबर लागेल की नाही, हे वकीलही सांगत नाही. माझी मुलगी ईशा इथे आली तेव्हा बालवाडीत जायची. एकविसावं वर्ष पूर्ण झालं की अशी मुलं आईवडिलांच्या व्हिसातून बाहेर पडतात. मग शिकत असेपर्यंत विद्यार्थी म्हणून राहायचं आणि पुढे नोकरीच्या व्हिसाची लॉटरी. लागली तर लागली, नाहीतर देश सोडायचा. एका हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना मी हे काकूंना सहज सांगितलं. त्या फावडं टेकवून उभ्या राहिल्या.

"म्हणजे आपल्या ईशाला घालवून देतील?"

"देऊ शकतात."

"मग तू काय करतोयस?"

"मी काय करणार काकू? मला मतसुद्धा नाही."

"मला आहे," त्या म्हणाल्या आणि पुन्हा बर्फ काढायला लागल्या.

त्यांच्या एका मताने न्यू जर्सीत फरक पडणार नव्हता. इथली जागा निळ्या पक्षाची, हे जवळपास ठरलेलंच; अमेरिकेत दोन्ही पक्ष रंगावरूनच ओळखतात, एक निळा नि एक लाल. म्हणून दूरच्या ज्या राज्यात निळा आणि लाल उमेदवार अटीतटीला आले होते, तिथल्या मतदारांना त्या स्वयंसेवक म्हणून फोन करायला लागल्या. निळ्यांचं बहुमत आलं की ईशासारख्या मुलांसाठी कायदा होईल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. जेवण आटोपलं की कानाला हेडफोन लावून त्या बसायच्या. पुष्कळ लोक त्यांचा उच्चार ऐकूनच फोन ठेवून द्यायचे. "ठेवला बिचाऱ्याने," असं म्हणून त्या पुढचा नंबर लावायच्या.

एकदा मी गेलो तेव्हा त्या एका म्हाताऱ्याशी कितीतरी वेळ बोलत होत्या. त्याची बायको नुकतीच गेली होती. तिच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये काय काय आलं होतं ते तो विचारत होता आणि काकू त्याला एकेक शब्द समजावून सांगत होत्या. फोन ठेवताना त्याने त्यांचे मनापासून आभार मानले आणि आपण जन्मभर लाल पक्षालाच मत देत आलोय, हेही सांगितलं.

"माणूस भला आहे हो," काकू मला म्हणाल्या. "मत तेवढं चुकीचं आहे."

त्या वर्षी मोजणी कित्येक दिवस रेंगाळली. शनिवारी दुपारी ती जागा निळी झाली आणि तिच्याबरोबर सिनेटही काठावर निळं झालं. काकूंनी शिरा केला. ईशा कॉलेजमधून आली होती. तिला जवळ घेऊन त्या म्हणाल्या, "आता बघ तू."

आम्ही बघत राहिलो. कायद्याचा मसुदा आला, त्यावर भाषणं झाली. मग कळलं की नुसतं बहुमत पुरत नाही, असा कायदा पुढे न्यायला शंभरांतली साठ मतं लागतात. लालमधून कुणी येईना. त्यातच, ज्याच्यासाठी काकूंनी घसा कोरडा केला होता, त्या निवडून आलेल्या निळ्या सिनेटरनेही आपला पाठिंबा नसल्याचं जाहीर केलं. त्याच्या राज्यात असले विषय महागात पडतात म्हणे.

काकू ईशाला घेऊन ट्रेनने वॉशिंग्टनला गेल्या. सिनेटर भेटला नाही. त्याच्या सहायकाने दोघींना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि सिनेटरसाहेबांना तुमच्याबद्दल सहानुभूती आहे, असं सांगितलं. काकूंनी त्याला विचारलं, "मी त्याच्यासाठी लोकांना काय सांगत होते, ते तुम्हाला ऐकायचंय का?" तो हसून म्हणाला, तुमचं म्हणणं मी पोचवतो.

ईशाला डिग्री मिळाली, नोकरीही मिळाली, पण लॉटरी काही लागली नाही. शेवटी कंपनीने टोरांटोच्या ऑफिसात जागा दिली. ती निघाली त्या सकाळी काकू गाडीपाशी आल्या.

"मला जमलं नाही गं," त्या म्हणाल्या.

"इट्स ओके, आजी. यू ट्राइड सो हार्ड."

"हार्ड करून काय उपयोग," असं म्हणून त्यांनी तिच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. गाडी वळली तेव्हा माझी बायको रडत होती. काकू आपल्या दारात नुसत्या उभ्या होत्या.

पुढची निवडणूक आली तेव्हा त्यांनी एकही फोन केला नाही. गुडघे दुखत होते, म्हणून मतदानाला मीच त्यांना नेलं. शाळेच्या जिममध्ये मतदान होतं. मी बाहेर गाडीत बसून राहिलो. माझं तिथे काही काम नव्हतं. बाहेर येऊन त्यांनी पट्टा लावला आणि समोर बघत म्हणाल्या, "बाकी सगळ्या पदांना मत दिलं. सिनेटचं कोरं ठेवलं."

मी गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. सिनेट लाल झालं होतं, नकाशावर मधला सगळा भाग लाल दिसत होता. टीव्हीचा आवाज बंद होता आणि काकू सोफ्यावर, मागे बसल्या होत्या. मी चहा केला. "साखर कमी टाकलीस," एवढंच त्या बोलल्या.

त्याच हिवाळ्यात त्या बाथरूममध्ये पडल्या. मुलगा येऊन त्यांना रेडमंडला घेऊन गेला. मी फोन केला की म्हणायच्या, "इथे पाऊस फार. घरात बसून असते." बातम्यांचा विषय मी काढायचो नाही, त्याही काढत नसत. नंतर त्या मला मुलाच्याच नावाने हाक मारायला लागल्या. मुलाने त्या गेल्याचं कळवलं तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. ईशाला टोरांटोला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, व्हिसा नाही. आय कान्ट इव्हन कम." रेडमंडला की इथे, ती कुठे येणार होती, हे मी विचारलं नाही.

यंदा पुन्हा सिनेटची निवडणूक आहे. परवा दुपारी एका उमेदवाराची दोन माणसं आमच्या दाराशी आली. एका बाईने विचारलं, "घरात मतदार कुणी आहेत?"

"नाहीत."

"कुणीच नाही?"

"नाही."

बाई सॉरी म्हणाली. दोघं लॉन ओलांडून शेजारच्या घराकडे गेली. काकूंचं ते घर अजून विकलं गेलेलं नाही. त्यांनी बेल वाजवली, थांबली, पुन्हा वाजवली. मग दाराच्या मुठीला उमेदवाराचा फोटो असलेलं कार्ड अडकवून ती पुढच्या घराकडे निघाली. वारा होता. ते कार्ड दारावर आपटत राहिलं.