पलंगाजवळची खुर्ची

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, भावाला नाही. बायकोच्या दिवसकार्याला घर माणसांनी भरलं होतं, सगळे माझ्या पाठीवरून हात फिरवत होते — तेव्हाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही समोर बसलेले नाही म्हणून असेल. तोंडावर बोलायची हिंमत असती तर लिहायची वेळच आली नसती.

माझी शाळा चौथीपर्यंत. तरुणपणी मिठागरात होतो, नंतर टेम्पो चालवला. कामोठ्यात राहतो, जुन्या गावात. गाव म्हणजे आता चहूबाजूंनी सेक्टर आणि मधे आमची घरं. घरामागे चार खोल्या काढल्यात, त्या भाड्यानं दिल्यात. बायको होती, पद्मी. ती गेली. मुलगी उरणला दिलेली, रविवारी येते. बाकीचे दिवस मी आणि भिंती.

आमच्याकडे सेक्टरात बागेला लागून म्हाताऱ्यांचं विरंगुळा केंद्र आहे. कॅरम, पेपर, आठवड्यातनं एकदा बीपी बघायला नर्स. पण त्या केंद्राचं खरं काम वेगळंच आहे. इथं पोरं नोकरीला येतात — बंगालची, केरळची, बिहारची, कुठली कुठली. जम बसला की गावावरनं आईला नाहीतर बापाला आणतात. सकाळी पोरगा-सून कामावर जातात आणि म्हातारी सातव्या मजल्यावर एकटी. बोली कळत नाही. खाली उतरली तर परत आपली बिल्डिंग सापडत नाही, सगळ्या सारख्याच. अशा माणसाला केंद्र इथलं एक माणूस जोडून देतं. त्याला सोबत म्हणतात. सोबतीनं बाजार दाखवायचा, दवाखाना दाखवायचा, रिक्षावाल्याला काय सांगायचं ते घोकून घ्यायचं. आणि एक नियम — कोणी दोन-चार दिवस दिसलं नाही की त्याच्या दारावर जाऊन यायचं. बरं आहे की नाही, डोळ्यांनी बघून यायचं.

पद्मी तिथं बीपी तपासायला गेली आणि तिथलीच झाली. तिला शेफालीची सोबत केलं. कलकत्त्याकडची विधवा बाई, पोराकडे आलेली. पद्मीच्या तोंडी ते नाव बसेना, ती शेपाली म्हणायची.

पहिल्याच दिवशी पद्मीनं तिला मच्छीबाजारात नेलं. तिथं जिताडा बघून ती बाई रडायलाच लागली. त्यांच्याकडे त्याला भेटकी म्हणतात, आणि इथं आल्यापासून तिनं तो खाल्ला नव्हता. पद्मी घरी येऊन मला हात नाचवत सांगत होती, "आवो, जिताडा त्यांच्याकडं पन हाय! मना वाटायचा का तो आपल्याच खाडीत." जसं काय स्वतःचाच कोणी हरवलेला पाहुणा सापडला.

मग शेफाली रोज दुपारची यायची. दोघी ओट्यावर मच्छी साफ करत बसायच्या. ही आपल्या बोलीत, ती आपल्या बोलीत. हळूहळू शेफाली मराठी बोलायला लागली — पण आमची, आगऱ्यांची. केंद्रातल्या एक रिटायर बाई पद्मीला म्हणाल्या, अहो, शिकवताय तर शुद्ध तरी शिकवा. पद्मी बोलली, "तिला मच्छी घ्यायचीय, बाय. परीक्षा नाय द्यायची."

हसायची दोघी. मला घरात बघून हसणं थांबायचं नाही, हे खरं. पण मी जवळ गेलो की विषय बदलायचा.

आता हल्लीचं सांगतो, मग मागे जातो. पद्मी गेल्यावर केंद्रानं मला दुपारचा डबा लावून दिला. डोळ्याचं ऑपरेशन झालं, तर दवाखान्यात नेआण करायला सोबतही दिली. कोण दिली असेल? शेफाली. इथल्या माणसाला बाहेरची सोबत — असं आधी कधी झालं नव्हतं. तिनंच मागून घेतलं म्हणे. आता डबाही तीच आणते. दारातनंच ओरडते, "आवो, डोल्यात औषध टाकला का? आनि तोंड काय असा केलाव?"

हे पद्मीचं वाक्य आहे. शब्दाला शब्द. डोळ्यावर हिरवा पडदा बांधलेला असताना मी ते ऐकलं, तेव्हा मला काय झालं ते मी लिहीत नाही. पद्मी गेली, पण तिचं बोलणं त्या बाईच्या तोंडात राहिलंय. ती बाई रिक्षात माझा दंड धरून बसते. खड्डा आला की सांगते, "धरा, धरा." आणि मी तिच्याशी जे केलं ते तिला माहीत नाही.

आता येतो. येतो येतो म्हणून बरंच लिहिलं.

पद्मीच्या पोटात गाठ निघाली. उशिरा निघाली. थोडे दिवस दवाखान्यात ठेवलं, मग डॉक्टर म्हणाले घरी न्या. घरी आणली, आतल्या खोलीत पलंग टाकला, त्याच दिवशी तिनं मला सांगितलं, "ती लाल खुर्ची हितं ठेवा, पलंगाजवल. शेपाली येल, तर बसंल कुठं?" मी ठेवली. थोड्या वेळानं मीच तिच्यावर बसलो, तर म्हणाली, "तुमी पलंगावर बसा."

पहिल्या दिवशी शेफाली आली तेव्हा पद्मी खरंच झोपली होती. मी दारातनं सांगितलं, झोपलीय. त्यात खोटं काय? काही नाही. ती गेली. पद्मी उठली, मी सांगायचं विसरलो. विसरलो — की नाही सांगितलं? तिथंच सुरुवात झाली बहुतेक.

दुसऱ्या दिवशी पद्मी जागी होती. मी सांगितलं, झोपलीय.

मग ते सोपं होत गेलं. औषधाची गुंगी आहे. डॉक्टरनं कोणाला सोडू नका सांगितलंय. आणि मग एक दिवस, ती दारातनं हलेच ना, तेव्हा मी बोललो, "तीच नको म्हनते भेटायला." शेफालीनं माझ्याकडे बघितलं. हातातला डबा पुढे केला, म्हणाली, "हा तरी द्या." मी घेतला. दार लावलं.

पद्मीचा फोन मी कपाटात टाकला होता, बॅटरी संपू दिली होती. तिला सांगितलं, बिघडलाय. रविवारी मुलगी यायची, पण रविवारी शेफालीचा पोरगा घरी असायचा, ती यायची नाही. त्यामुळे कोणाला कळलं नाही. सगळं माझ्या सोयीचं होत गेलं.

त्या डब्यात जिताडा होता. त्यांच्या पद्धतीचा, सरसोच्या तेलातला. इतक्या लांबनं आलेली बाई, बाजारात एकटी गेली असेल, पद्मीनं शिकवल्यासारखे कल्ले उघडून लाल आहेत का बघितले असतील, भाव केला असेल. मी मागच्या दारी गेलो आणि सगळा मांजरांना टाकला. डबा घासला. हात धुतले. वास जाईना.

पलंगाजवळ गेलो तर पद्मीनं डोळे उघडले. "सरसोचा वास येतो. शेपाली आलती का?"

मी म्हणालो, नाय.

"मंग?"

"भाडेकऱ्यांची फोडनी."

मागच्या खोल्यांत बिहारची पोरं राहतात, ती त्याच तेलात शिजवतात. खोटं बोलायला मला लांब जावं लागलं नाही. पद्मीनं तोंड भिंतीकडे केलं. तिला कळलं होतं का? माहीत नाही. साठ वर्षं पार केलेली बाई, जन्म मच्छी करण्यात गेलेला — फोडणीचा वास आणि कालवणाचा वास तिला वेगळा कळत नव्हता? मी त्यावर जास्त विचार करत नाही. रात्रंदिवस तोच विचार असतो.

का केलं? मी स्वतःला बरीच कारणं देऊन बघितली. आमची भातशेती गेली, त्यावर ह्या बिल्डिंगी उठल्या, बाहेरचे लोक आले, आमच्याच गावात आम्ही कोपऱ्यात गेलो — हे बोललं की गावात कोणीही मान हलवतो. मलाही ते कारण आवडायचं. पण ते खोटं आहे. बाहेरच्यांचा एवढा राग असता तर त्यांना खोल्या दिल्या असत्या का? त्यांच्याच भाड्यावर तर माझी चूल पेटते.

खरं कारण लहान आहे. मी विचारलं, दुखतं का, की पद्मी म्हणायची, बरी हाय. दवाखान्यात शेफाली एकदा बसली होती, तेव्हा मी पडद्याच्या पलीकडे होतो. पद्मी तिला सगळं सांगत होती. कुठं दुखतं, कसं दुखतं, रात्री काय वाटतं, मरणाची भीती वाटते. मला नाही, तिला. इतकी वर्षं मी नवरा, आणि मला बरी हाय. घरी आणल्यावरही मी उशाशी बसायचो आणि ती दाराकडे बघायची.

मी जळलो. बस. म्हातारा माणूस, मरत्या बायकोच्या मैत्रिणीवर जळला. मला वाटलं, दार बंद ठेवलं तर ती मला सांगेल. उरलेले दिवस तरी माझे. नाही सांगितलं तिनं. शेवटपर्यंत बरी हाय.

ती मात्र रोज विचारायची. पाणी पाजताना विचारायची, कूस बदलताना विचारायची. शेपाली आली नाय? केंद्राचा नियम तिला पाठ होता — माणूस दिसलं नाही की दारावर यायचं. तिनं स्वतः किती दारं वाजवली होती. तिला कळेना, आपल्या दारावर कोणी कसं येत नाही. मला ते विचारणं सहन होईना. म्हणून मी शेवटचं खोटं बोललो. सांगितलं, शेफाली गेली. पोराची बदली झाली, घर सोडलं, सगळे कलकत्त्याला परत गेले.

"न सांगता?" पद्मी म्हणाली.

मी म्हणालो, "हां. न सांगता."

शेफाली तेव्हा तीन गल्ल्या पलीकडे होती. पद्मी त्यानंतर थोडेच दिवस होती. मैत्रीण आपल्याला सांगितल्याशिवाय निघून गेली, हे मनात घेऊन ती गेली. आणि ही बाई मैत्रिणीनं आपल्याला दारातनं हाकललं, हे मनात घेऊन राहिलीय. मधला मी. दोघींना मीच एकेक वाटून दिलं.

प्रेत नेताना शेफाली आली होती. बायकांच्या मागे उभी होती, पुढे आली नाही. आपण नकोसे आहोत असं समजून मागे राहिली. मी बघितलं. हाक मारली नाही.

ह्या सोमवारी डोळ्याची शेवटची तपासणी होती. परत आल्यावर ती जरा टेकली. त्याच लाल खुर्चीवर. तिला काय माहीत. पदराशी चाळा करत बसली आणि मग म्हणाली, "एक विचारू का? ती मना का नाय भेटली वो? मी काय केला व्हता?"

मी म्हणालो, "देवाला ठाऊक."

देवाला! तोंडात माझंच नाव होतं, आणि मी देवाचं घेतलं. ती उठली, रिकामा डबा पिशवीत टाकला, म्हणाली, "औषध टाका टायमावर." गेली.

त्या दिवसापासून लिहितोय. तिला वाचता येत नाही मराठी, तेव्हा हे तिला देऊन मी सुटणार नाही. तोंडानंच सांगायला लागेल. उद्या डबा घेऊन येईल तेव्हा सांगणार आहे. दारात नाही, आत बसवून. त्यानंतर ती आली तर आली, नाही आली तर नाही. ते तिचं आहे. मुलीलाही सांगणार आहे.

एक लिहायचं राहिलं. शेफाली न सांगता गेली असं मी बोललो, तेव्हा पद्मीनं दाराकडची नजर काढली. पत्र्याकडे बघत होती. मग डोळे मिटले, मला वाटलं, झोप लागली. मग ती हळूच म्हणाली —

"खुर्ची उचला मंग."

मी उचलली.