डाव्या खांद्याचं माप

“टेलरची मुलगी ना तू? मग तुझाच ब्लाउज वाकडा कसा गं?”

शाळेच्या हॉलमध्ये लेझमीची तालीम चालली होती. आम्ही सोळा मुली, दोन रांगा, मी पहिल्या रांगेत, भाड्यानं आणलेले हिरवे ब्लाउज. विचारणाऱ्या मॅडम पालकांच्या कमिटीच्या मुख्य. पुण्याहून आलेल्या, सर्जापूर रोडला राहायच्या. गॅदरिंगमध्ये लेझीम हवीच, हा हट्ट त्यांचा. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, उजव्या बाजूला दाबून बघितलं. कणीक मऊ झाली का बघतात तसं. मग बाजूच्या बाईंना म्हणाल्या, “इथे हम्प आहे बघ. हिला लास्टला टाक, व्हिडिओ खराब होईल.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. सगळ्या मुलींनी माझी पाठ बघितली. मीच तेवढी ती कधी बघितली नव्हती. बघणार कशी?

तेरा वर्षांची होते. तालीम संपेपर्यंत मागच्या रांगेत हात वर-खाली करत राहिले, आणि मनात एकच. हम्प म्हणजे काय? मला झालंय काय?

आम्ही शिंपी. किती पिढ्यांपासून बेंगळुरात आहोत, घरात कुणाला धड सांगता येत नाही. आमच्या मराठीत निम्मी कानडी. मॅडमना ती ‘क्यूट’ वाटायची. माझ्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, दुकान इंदिरानगरच्या मागच्या गल्लीत. शाळेचे युनिफॉर्म तेच शिवतात. मॅडमचे ब्लाउजसुद्धा.

शाळा सुटल्यावर ब्लाउज दप्तरात कोंबून तशीच दुकानात गेले. रडत सांगितलं. अण्णांनी विचारलं नाही, कुठला हम्प, कसला हम्प. मशीनवरून मानही वर केली नाही.

“दे तो ब्लाउज. डाव्या खांद्यात स्वल्प कॅनव्हास भरतो. कुणाला कळणार नाही.”

डाव्या? मी तर उजवी बाजू म्हटलं होतं.

माझं रडणं तिथंच थांबलं. मी अंगातल्या युनिफॉर्मच्या डाव्या खांद्याला हात लावला. आत जाड, कडक कापड लागलं. उजव्याला लावला. काहीच नाही. दोन वर्षं असेच युनिफॉर्म घालत होते मी, माझ्या बापानं शिवलेले!

“अण्णा, हे काय आहे?”

अण्णांनी मशीन परत चालू केलं. मी मापांची वही ओढली. गिऱ्हाइकांची मापं असतात त्यात, माझंही एक पान आहे. अण्णांचं बारीक अक्षर. ‘डावा खांदा पाव इंच खाली.’ त्याच्याखाली पुढच्या युनिफॉर्मचं माप. ‘अर्धा.’ मग ‘पाऊण’. शेवटचं माप जूनमधलं. ‘एक इंच.’

आमच्या धंद्याची एक रीत आहे. गिऱ्हाइकाच्या अंगातली खोट बोलून दाखवायची नाही. एक खांदा उतरलेला असतो, कुणाची कंबर एका बाजूला असते. माप घेताना शिंप्याला कळतं. तो वहीत लिहितो, कापड तसं बेततो, आणि गप्प बसतो. माणूस आरशात बघतो आणि खूश होतो. चांगल्या शिंप्याची ही खूण, असं अण्णा नेहमी सांगायचे. तीच रीत त्यांनी पोटच्या पोरीला लावली. डॉक्टरकडे न्यायचं सोडून कॅनव्हास भरला.

घरी जाऊन आईला वही दाखवली, आणि आम्ही तिघं हेब्बाळकडच्या एका हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरांनी मला पुढं वाकायला लावलं, पाठीच्या उजवीकडचा उंचवटा बघितला, एक्सरे काढला, आणि तो उजेडावर धरला. माझा कणा. सरळ असतो ना तो? माझा नदीसारखा वळत गेला होता. नाव सांगितलं, स्कोलिओसिस. दप्तरानं होत नाही, वाकून बसण्यानं होत नाही, कुणाची चूक नाही, म्हणाले. पण वाढीच्या वयात तो भराभर वाढू शकतो. ब्रेस घालायचा, छातीपासून कमरेपर्यंत कडक प्लॅस्टिकचा, रोज वीस तास, उंची वाढायची थांबेपर्यंत. त्यानं कणा सरळ होईलच असं नाही. आणखी वाकू नये म्हणून घालायचा. तरीही वाढला, तर ऑपरेशन. पाठ उघडून आत सळ्या.

“कधीपासून आहे हे?” डॉक्टरांनी विचारलं.

आईनं अण्णांकडे बघितलं. “दोन वर्षं. वहीत लिहिलंय,” मी म्हणाले.

“दोन वर्षं आधी आला असता तर बरं झालं असतं,” डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “भय पडबेडा, पुट्टा.” घाबरू नको, बाळ.

घाबरू नको म्हणे! घरी येऊन मोबाईलवर ते सळ्यांचं ऑपरेशन शोधलं, तिथं बायकांच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत टाके. पाय लुळे पडले तर? आंघोळीच्या वेळी हात मागं नेऊन मणके मोजायची. रोज वाटायचं, कणा कालच्यापेक्षा जास्त वाकलाय. बुटाची नाडी बांधायला वाकायचीसुद्धा भीती. मी आत्ता वाकले म्हणून तर वाढणार नाही ना? कुणाला विचारायचं? अण्णांशी तर मी बोलतच नव्हते.

ब्रेस आला. काखेत टोचायचा, घास पोटात उतरत नसे. आई पट्टे आवळताना डोळे पुसायची आणि वर बजावायची, “कुणाला सांगू नको हं. उद्या स्थळं यायची आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची.” अण्णांनी एकही शब्द न बोलता मला दोन मापं मोठा, सैल युनिफॉर्म शिवला. ब्रेस दिसू नये म्हणून. डाव्या खांद्यात पुन्हा कॅनव्हास. मी तो घातला. आरशात सरळ दिसले. खरं सांगते, मला बरं वाटलं. लपलं की संपलं, असं मलाही वाटत होतं.

आणि एका शनिवारी मॅडम दुकानात आल्या. ब्लाउज न्यायला. मी कोपऱ्यात काज करत बसले होते. शाळेत ब्रेसचं कळलं होतंच.

“हिचं ऐकलं हो. सो सॅड. आम्ही ठरवलंय, हिला स्टेजवर नको. बॅकस्टेजला कपड्यांवर लक्ष ठेवेल. नाहीतरी घरचंच काम आहे ना? बाकी मुलींनाही ऑकवर्ड होतं.”

डॉक्टरांनी नाचायला हो म्हटलं होतं. ब्रेस काढून तासभर नाच, खेळ, उलट चांगलं, म्हणाले होते. अण्णांना माहीत होतं. अण्णांच्या गळ्यात टेप होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि मान हलवली.

“सरी, मॅडम.” ठीक आहे, मॅडम.

त्या दोन शब्दांनी माझं डोकं फिरलं. मॅडमचं बोलणं लागलं नाही एवढं ते लागलं. मी उठले.

“सरी नाही. मी नाचणार. पहिल्या रांगेत होते, तिथंच.”

“अगं, तुझ्या भल्यासाठीच...”

“तुमच्या व्हिडिओच्या भल्यासाठी.”

मॅडम अण्णांकडे बघत राहिल्या. पोरीला आवरा, असं त्या बघण्यात होतं. अण्णांनी आवरलं नाही. बाजूही घेतली नाही. त्या ब्लाउज न घेताच गेल्या. पुन्हा दुकानात आल्या नाहीत.

मग मी ब्लेड घेतलं. अण्णांसमोर बसून युनिफॉर्मचा डावा खांदा उसवला. टाका टाका. कॅनव्हासचा तुकडा काढून त्यांच्या मशीनवर ठेवला.

“आता खरं माप घ्या. आणि मला सांगून लिहा.”

अण्णांचा हात माझ्या खांद्यावर थांबला. मग म्हणाले, “सव्वा इंच.” आणि माझ्यासमोर वहीत लिहिलं. मी त्यांना माफ केलं नाही. अजूनही पूर्ण केलेलं नाही.

मला पहिली रांग मिळाली नाही. लेझमीतूनच काढलं. गॅदरिंगला मी प्रेक्षकांत बसले, समोरच्या ओळीत. मापाच्या युनिफॉर्ममध्ये, आतल्या ब्रेसची कड स्पष्ट दिसत होती. शेजारचे लोक वळून बघत होते. उठले नाही.

आज सोळाची आहे. पुढच्या महिन्यात एक्सरे आहे, त्यावर ऑपरेशनचं ठरेल. भीती वाटते. फार वाटते. पण मापाची वही आता माझ्याकडे असते, आणि माझं पान मी लिहिते. आकडा वाढला तर वाढलेला लिहीन. पाठीवर टाके आले तर तेही. माझ्या खांद्यात पुन्हा कॅनव्हास भरायला कुणी सुई घेऊन आलं, बाप असो, शाळा असो, उद्या बघायला येणारं स्थळ असो, तर तो उसवायचं ब्लेड माझ्या दप्तरात आहे.